मेलं गवत

यंत्रानं तिसऱ्यांदा तेच सांगितलं. "मृत आच्छादन. खात्री अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा टक्के."

उल्का गावंडनं हातातलं पर्णवेध यंत्र खाली केलं आणि समोर पाहिलं. यंत्राच्या मते मेलेल्या त्या गवतात एक तांबडी गाय मान खाली घालून मजेत चरत होती. गायीला दशांश चिन्हापर्यंतची खात्री नव्हती, तरी तिचं काही अडत नव्हतं. चांगलं तोंडभर खेचायचं, कराकरा चावायचं आणि पुढं सरकायचं, असं तिचं तासभर चाललं होतं.

"काय बोलतंय गो तुजं यंत्र?" बांधावर विळा मांडीखाली दाबून बसलेल्या धर्मीबाय घरतनं विचारलं.

"मेलंय म्हणतंय."

"मंग बरोबरच बोलतंय की! मेलंच हाय ते!" आणि धर्मीबाय पोट धरून हसायला लागली. सत्तरीला टेकलेली बाई, पुढचे दोन दात पडलेले, पण हसली की खाडीपलीकडच्या काठावरचे बगळे उडायचे.

उल्काला मात्र हसू आलं नाही. अकरा वर्षांपूर्वी याच बांधावर, याच बाईसोबत ती एकदा मनापासून हसली होती, आणि सगळं तिथंच बिघडलं होतं.

चिंबोरखार हे पेणच्या खालच्या अंगाला, खाडीच्या काठी बसलेलं आगरी गाव. गावापुढं मातीचा लांबलचक बांध. बांधाबाहेर भरतीचं खारं पाणी, आत तीनशे एकर खाजण, म्हणजे खाडीकाठची खारवट जमीन, आणि दोहोंमध्ये पाणी आतबाहेर सोडायची लाकडी दारं, त्यांना म्हणतात उघाडी. एके काळी आत भात व्हायचा. मग बांध झिरपायला लागला, खार आत शिरला आणि भात गेला. पण जमीन काही उघडी राहिली नाही. बाहेरच्या चिखलातलं ते घोट्याएवढं, राखाडी, टोचरं गवत सरपटत बांध ओलांडून आत आलं आणि त्यानं तीनशे एकर भरून काढले.

हे गवत दिसायला दरिद्री. उन्हाळ्यात तर बघवत नाही, जणू कुणी जुनी केरसुणी मोडून पसरली आहे. पण मातीखाली त्याची खोडं दोऱ्यासारखी धावतात, गाठी मारतात आणि गाठीगाठीतून पुन्हा फुटतात. गुरांनी ओरबाडलं, बायकांनी कापलं, चार महिने पाण्यात बुडालं, वणव्यात जळलं, तरी ते परत येतं. त्यानं धरून ठेवलंय म्हणून बांध उभा आहे, त्याच्या मुळांशी बिळं करून चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, राहतात, आणि गावातली सगळी गुरं मे महिन्यात त्याच्यावर जगतात.

गावातल्या बायकांनी त्याचं नाव ठेवलं आहे 'मेलं'.

आता मराठी कानाला हे समजावून सांगायची गरज नाही. उनाड पोर चिखलानं माखून दारात उभं राहिलं की आई म्हणते, "आला मेला!" त्यातला मेला हा तिच्या लेखी घरातला सगळ्यात जिवंत प्राणी असतो. तसंच हे गवत. कापून आठ दिवस झाले की बायका कपाळावर हात मारून म्हणायच्या, "मेलं परत आयलं बघ!" निम्मी शिवी, निम्मं कौतुक.

पण यंत्राला आई नसते.

अकरा वर्षांपूर्वी उल्का नोंदणी कक्षात नवीन लागली होती. सबंध किनाऱ्यावरच्या वनस्पतींचे फोटो काढायचे, लोकांकडून नावं विचारायची आणि सगळं फोनमध्ये भरायचं, हे तिचं काम. टंकायला लागू नये म्हणून फोन बोलणं ऐकून रकाने स्वतःच भरायचा. मे महिना होता. उल्कानं या बांधावर दोनशे चौदा फोटो काढले आणि विचारलं, "मावशी, याला काय म्हणता?"

"मेलं," धर्मीबाय म्हणाली.

फोननं क्षणभर विचार केला आणि लिहिलं, 'स्थिती: मृत. बरोबर? होय / नाही.'

उल्कानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं मात्र, बांधावरच्या सात-आठ बायका फुटल्याच. एक म्हणाली, "मारलं गो मारलं, यंत्रानं मारलं त्याला!" धर्मीबाय डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाली, "दाब गो बाय, दाब! येकदा तरी मरू दे मेल्याला!" उल्का त्यांच्यातलीच, आगऱ्याची पोर. तिला शब्द कळत होता, विनोद कळत होता, आणि हसता हसता तिनं 'होय' दाबलं. संध्याकाळी कचेरीत गेल्यावर दुरुस्त करू असं ठरवलं. त्या संध्याकाळी दुसरंच काही निघालं, मग ती विसरली. एवढीच गोष्ट.

पर्णवेध त्यानंतर चार वर्षांनी आला. त्याची विद्या तशी साधी आहे. हिरवं, जिवंत पान लाल उजेड गिळतं आणि डोळ्यांना न दिसणारा, लालच्या पलीकडचा उजेड परत फेकतं. वाळलेलं पान तसं करत नाही. हा फरक आकाशातूनही मोजता येतो. पण कुठला फरक म्हणजे काय, हे यंत्राला आधी उदाहरणं दाखवून शिकवावं लागतं. हा फोटो आंब्याचा, हा तिवराचा, हा वाळलेल्या पेंढ्याचा. उन्हाळ्यातल्या खाजणाची उदाहरणं यंत्राला द्यायची वेळ आली तेव्हा अख्ख्या भांडारात एकच गठ्ठा निघाला, उल्काचे दोनशे चौदा फोटो. सगळ्यांवर एकच चिठ्ठी होती, मृत.

यंत्र फसायला गवतानंही मदत केली. हे गवत मुळांतून खारं पाणी पितं आणि नको असलेलं मीठ पानांवरच्या बारीक ग्रंथींतून बाहेर ढकलतं. उन्हात पानांवर मिठाचा पांढरा थर बसतो. शिवाय पाणी वाचवायला पान स्वतःला गुंडाळून घेतं, त्यामुळं हिरवी बाजू आत झाकली जाते. वरून पाहिलं तर पांढरट काडी. यंत्रानं ते मनावर घेतलं. पुढं त्यानं रायगडापासून खाली गोव्यापर्यंत असं गवत जिथं दिसलं तिथं स्वतःच 'मृत' लिहिलं आणि स्वतःच्याच उत्तरांवरून पुढचा अभ्यास केला. विद्यार्थ्यानं आपलीच वही बघून आपलाच पेपर तपासावा आणि पैकीच्या पैकी गुण द्यावेत, तसा हा प्रकार.

आणि मग कायदा आला. जिथं बारमाही खारं गवत आहे ते जिवंत खाजण, त्याला हात लावायचा नाही. जिथं मृत आच्छादन आहे तिथं भराव घालायला मोकळीक. कुठं काय आहे हे माणसांनी भांडत बसायचं नाही, पर्णवेध सांगेल तो निकाल. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, असं उल्का आजवर सगळ्यांना सांगत आली होती.

चिंबोरखारच्या खाजणात आता मालाच्या पेट्यांचा, म्हणजे कंटेनरांचा तळ होणार होता. सोमवारी गावात सुनावणी आणि मंगळवारपासून मुरूम. सुनावणीआधी जागेवर जाऊन यंत्राच्या निकालावर अंगठा उठवायचा, एवढ्यासाठी उल्काला पाठवलं होतं.

"तू तीच ना गो?" हसू ओसरल्यावर धर्मीबाय म्हणाली. "दाबलंस ती?"

उल्कानं मान हलवली.

"मना वाटलंच. मंग आता उलटं दाब."

*

दुसऱ्या दिवशी अलिबागच्या कचेरीत उल्कानं जुनी नोंद शोधून काढली. सोबत आवाजाची फीतही होती. तिनं ती ऐकली. वारा, बायकांचा कल्ला, "दाब गो बाय, दाब!" आणि त्या सगळ्यांवर तिचं स्वतःचं हसू, सत्तावीस वर्षांच्या मुलीचं, भान नसलेलं. आपल्याच हसण्याची तिला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

ती फीत घेऊन ती केळुसकर साहेबांकडं गेली. अभिराम केळुसकर कक्षाचे प्रमुख. पर्णवेध उभा करण्यात त्यांची उमेदीची दहा वर्षं गेली होती. माणूस वाईट नव्हता. उल्काला सगळं काम त्यांनीच शिकवलं होतं, तिच्या आईच्या आजारपणात रजा मागायच्या आधी दिली होती. फीत संपेपर्यंत ते पेन्सिलीला टोक करत राहिले.

"अजून कुणाला ऐकवलंस?"

"नाही."

"छान. डिसेंबरात यंत्राची नवी आवृत्ती येतेय. त्यात आपण ही चूक अलगद काढून टाकू. कुणाला पत्ता लागणार नाही."

"सर, डिसेंबरात तिथं मुरूम असेल. गवतावर दोन पुरुष उंच."

"एका गावात असेल."

"एका नाही. मी मोजलंय. या एका गठ्ठ्यावरून बहात्तर खाड्यांचे निकाल निघालेत."

केळुसकरांनी पेन्सिल ठेवली. "म्हणूनच सांगतोय. नियम सोळा तुला माहीत आहे. मूळ नोंद फक्त नोंद करणारा माणूसच मागं घेऊ शकतो. घेतली की तिच्यावर उभे असलेले सगळे निकाल त्या क्षणी स्थगित. बहात्तरच्या बहात्तर. आणि नोंद खोटी होती असं कबूल करणारा माणूस सेवेत राहत नाही. तो नियम मीच लिहिलाय, कुणी पुढंमागं खेळ करू नये म्हणून."

"मग नियम चांगलाच लिहिलात," उल्का म्हणाली.

"उल्का, ते गवत आहे. वाघ नाही."

तिला एकदम राग आला. "वाघ असता तर फोटो काढायला तुम्ही स्वतः आला असतात, सर. गवत होतं म्हणून नवीन पोरीला पाठवलंत."

केळुसकरांनी पेन्सिल पुन्हा उचलली. ती दारापर्यंत गेल्यावर मात्र ते थकल्या आवाजात म्हणाले, "सोमवारी मी येतोय सुनावणीला. तोवर नीट विचार कर."

*

विचार करायला ती भावाकडं गेली, आणि तीच तिची चूक झाली, कारण चिंबोरखारला मुरूम टाकणारे डंपर जयेंद्र गावंडचे होते.

जयेंद्र तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा ती सात वर्षांची होती. तिला खांद्यावर घेऊन ओहोटीच्या चिखलातून पलीकडच्या शाळेत सोडणारा तोच. तिच्या शिक्षणापायी त्यानं स्वतःचं शिक्षण सोडलं आणि हे त्यानं आयुष्यात एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. आज पहिल्यांदाच तो बोलायच्या बेतात दिसला.

दुपारचं जेवण पुढ्यात होतं, बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी. उल्कानं सगळं सांगितलं. तो शेवटपर्यंत खाली मान घालून जेवत राहिला.

"म्हंजे तुजी नोकरी जाणार," तो म्हणाला.

"हो."

"आनि माजं काम."

"हो, दादूस."

"कशापायी? गवतापायी?" त्यानं ताट सरकवलं. "आपल्या गावचं खाजण भरलं तवा कोन आयलं होतं गो आडवं? तुजं खातं आयलं? आज तिथं गोदाम हाय. मी रोज त्यावरून गाडी नेतो. मना काय झालं? जगतोय ना?"

"आपल्या खाजणात पण मेलंच होतं," उल्का म्हणाली. "आई विळा घेऊन बसायची आणि कापायच्या आधी कुणाला चाखायला लावायची, आठवतं?"



गवत कापायचं तर आधी चाटून बघायचं, ही खाडीकाठची रीत. फार खारट लागलं तर गोड्या पाण्यात खंगाळून गुरांना घालायचं, कमी असेल तर तसंच. बायकांचे हात चिखलात आणि विळ्यावर, म्हणून हे काम सोबतच्या पोराचं. गावंडांच्या घरात ते काम जयेंद्रचं होतं. त्याची जीभ अशी पक्की की शेजारणीसुद्धा आपलं गवत त्याच्याकडून चाखून घ्यायच्या.

"तुजी जीभ लय खरी रं, म्हणायची आई तुला," उल्का म्हणाली.

"मना काय आठवत नाय," जयेंद्र म्हणाला आणि हात धुवायला उठला. तो खोटं बोलत होता. मोरीवर नळ सोडून तो कितीतरी वेळ तसाच उभा राहिला.

उल्का जायला निघाली तेव्हा तो दारात आला नाही. आजवर असं कधी झालं नव्हतं. बसमध्ये बसल्यावर तिला रडू आलं, आणि ते तिनं येऊ दिलं. पण पेणला उतरेपर्यंत तिचं ठरलं होतं.

*

सोमवारी सकाळी नऊ वाजता चिंबोरखारच्या देवळापुढच्या मांडवात सुनावणी सुरू झाली. पुढं टेबलामागं केळुसकर साहेब. एका बाजूला गाव, त्यातही बायका जास्त. दुसऱ्या बाजूला कंत्राटदार मंडळी, त्यांच्यात मागच्या खुर्चीवर जयेंद्र, हाताची घडी घालून.

उल्कानं टेबलावर दोन घमेली ठेवली. एकात खाजणातून मुळांसकट उचललेला गवताचा गड्डा, दुसऱ्यात त्याच चिखलात खोचलेला गेल्या वर्षीचा भाताचा पेंढा. तिनं पर्णवेध दोन्हींवर धरला. गवत: मृत, अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा. पेंढा: मृत, नव्व्याण्णव पूर्णांक दोन.

"झालं तर मग," कंत्राटदारांतलं कुणीतरी म्हणालं.

"अजून व्हायचंय," उल्का म्हणाली. "धर्मीबाय, घाला पाणी."

धर्मीबायनं विहिरीच्या गोड्या पाण्याचे दोन हंडे आणले होते. तिनं दोन्ही घमेल्यांतली पानं नि काड्या खंगाळल्या, नातवंडाचं डोकं धुवावं तशा, वरचं सगळं मीठ निघेपर्यंत. उल्कानं लगेच पुन्हा यंत्र धरलं. पेंढा होता तिथंच. गवताचा आकडा मात्र सत्त्याहत्तरवर आला.

केळुसकर पुढं वाकले. आकडा पडलेला त्यांच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं.

"आता ही घमेली इथंच उन्हात राहू द्या," उल्का म्हणाली. "चार तास. तुमच्या डोळ्यांसमोर."

"वाऱ्यानं खाडीचं मीठ येऊन बसेल," केळुसकर म्हणाले.

"बसेल तर दोन्हींवर बसेल, सर. म्हणूनच पेंढा आणलाय."

चार तास चिंबोरखारनं जे केलं त्याला सुनावणी म्हणायला मन धजत नाही. चहा झाला, कोळंबीची खिचडी झाली, धर्मीबायनं केळुसकर साहेबांना त्यांच्या आईवडिलांची चौकशी करून हैराण केलं. मधल्या वेळात उल्कानं त्या फितीची हकिगत सगळ्या मांडवाला सांगितली, काहीही न लपवता. कुणी हसलं, कुणी चिडलं. एक बाई म्हणाली, "आमचं पन चुकलं गो, आमीच दाब बोल्लो." उल्का म्हणाली, "बोट माझं होतं."

एक वाजता तिनं यंत्र पुन्हा धरलं. पेंढा: नव्व्याण्णव पूर्णांक दोन. गवत: सत्त्याहत्तरवरून चढून पंच्याण्णव पूर्णांक चार.

"बघा!" कंत्राटदार ओरडले. "मेलंच आहे!"

"बघा नीट," उल्का म्हणाली, आणि तिचा आवाज चढला. "आकडा कशानं चढला? पानावर मीठ परत आलं म्हणून. आणि मीठ आपसूक येत नाही. मुळांनी पाणी ओढावं लागतं, पानानं जोर लावून मीठ बाहेर टाकावं लागतं. हा गवताचा घाम आहे. मेलेल्याला घाम येत नाही! पेंढ्याला आला का? हे जितकं जगतंय तितकं तुमच्या यंत्राला जास्त मेलेलं दिसतंय. ते खोटं बोलत नाही, सर. मी शिकवलं तेच ते बोलतंय."

केळुसकरांनी दोन्ही घमेल्यांकडं आळीपाळीनं पाहिलं. त्यांना कळलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. पण शेवटी ते म्हणाले, "आकडा कशामुळं चढला हा तुझा तर्क झाला. मीठ आलंय याला पुरावा काय?"

"चाटून बघा की," धर्मीबाय म्हणाली.

मांडवात हशा पिकला. केळुसकर लाल झाले. "सुनावणीत जिभेचा पुरावा चालत नाही, बाई."

"का नाय चालत? आमची गुरं त्यावर जगली."

"बाहेरच्या माणसाची जीभ असती तर एक वेळ..." कंत्राटदारांचा पुढारी म्हणाला. "गाववाले काय, खारटच म्हणणार!"

तेव्हा मागची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. जयेंद्र उठला होता. तो कुणाकडं न बघता टेबलाशी आला. त्यानं आधी पेंढ्याची एक काडी मोडली, जिभेला लावली आणि टाकून दिली. मग गवताचं एक पान खुडलं.  त्यानं ते पान जिभेवरून सावकाश ओढलं, पोरवयात ओढायचा तसंच, डोळे मिटून.

"पेंढा अलनी हाय," तो म्हणाला. "ह्ये खारट हाय. लय खारट. खंगाळल्याबिगर गुरांना घालू नका."

पुढारी त्याच्या अंगावर ओरडला, "गावंड, उद्यापासून डंपर कुणाचे लागणार होते?"

"माजेच," जयेंद्र म्हणाला. "आता नाय लागणार." आणि बहिणीकडं वळून, तिलाच ऐकू जाईल इतक्या हळू तो म्हणाला, "बाय, आठवतं मना. सगलं आठवतं." त्याचे डोळे भरून आले होते आणि तो ते पुसतही नव्हता.

उल्कानं फोन काढला. अकरा वर्षांपूर्वीची नोंद उघडली. 'मागे घ्यायची? ही कृती अंतिम आहे.'

"उल्का," केळुसकर म्हणाले, "यानंतर मला तुझ्यासाठी काही करता येणार नाही."

"माहीत आहे, सर. तुम्ही मला जे शिकवलंत, ते माझ्याकडून कुणी काढून घेत नाही." आणि तिनं अंगठा ठेवला.

टेबलामागच्या पडद्यावर किनाऱ्याचा नकाशा होता. एकेक करत खाड्यांचा करडा रंग जाऊन पिवळा झाला. बहात्तर वेळा लिहिलं गेलं, 'निकाल स्थगित. फेरतपासणी.' मांडवात कुणी टाळी वाजवली नाही.  केळुसकरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अजून एक काम उरलंय," उल्का म्हणाली. "मी अजून सेवेत आहे, आदेश निघेपर्यंत. नवी नोंद करायचीय." तिनं घमेल्यातल्या गवताचा फोटो काढला आणि फोन धर्मीबायच्या तोंडासमोर धरला. "मावशी, याला काय म्हणता?"

धर्मीबायनं पदर सारखा केला, घसा खाकरला आणि म्हणाली, "मेलं."

फोननं विचार केला. 'स्थिती: मृत. बरोबर? होय / नाही.'

या खेपेला बायका हसल्या नाहीत. उल्कानं 'नाही' दाबलं आणि लिहिलं, 'जिवंत. बारमाही.'

'विसंगती. नाव आणि स्थिती जुळत नाहीत. नाव बदलायचे?'

"दुसरं नाव दे," केळुसकर हलक्या आवाजात म्हणाले. पहिल्यांदाच ते तिच्या बाजूनं बोलत होते. "खारगवत म्हण, काहीही म्हण. यंत्राला सोपं जाईल. पुढची भानगड नको."

"का म्हनून?" धर्मीबाय कडाडली. "माजी आय मेलं बोल्ली, तिची आय मेलं बोल्ली. यंत्राला कलत नाय म्हनून आमी आमचं गवत बारशाला बसवायचं? त्याला बोल, तू शीक!"

उल्कानं 'नाही' दाबलं.

'विसंगती. नाव बदलायचे?'

"नाही," ती म्हणाली, या वेळी तोंडानं.

'ऐकू आले नाही. नाव बदलायचे?'

"नाय!" जयेंद्र म्हणाला. मग धर्मीबाय म्हणाली, मग सगळ्या बायका, मग अख्खा मांडव एका दमात. कंत्राटदारांतल्या एका ड्रायव्हरनंही तोंड उघडलं आणि पुढाऱ्यानं बघितल्यावर मिटलं. आवाज इतका मोठा झाला की देवळापलीकडं बांधलेली तांबडी गाय दावं ताणून उठून उभी राहिली.

फोन या खेपेला बराच वेळ गप्प होता. मग पडद्यावर अक्षरं उमटली आणि उल्कानं ती मोठ्यानं वाचली, जशी अकरा वर्षांपूर्वी वाचली होती.

"'नोंद झाली. नाव: मेलं. स्थिती: जिवंत.'"

धर्मीबायनं फोनवर डोळे बारीक केले, कपाळावर हात मारला आणि ती हसायला लागली.

"शिकलं गो," ती म्हणाली. "शिकलं येकदाचं मेलं!"